आण्णांची पंचाहत्तरी आणि साडेपाचचं जेवण

पुण्याच्या बहिणीनं पणजीहून व्हिडिओ पाठवला. मांडवीवरची क्रूझ, एकीकडं नाच, एकीकडं बुफे, काठावर दिव्यांची झगमग. आण्णांची पंचाहत्तरी तिथंच करायची, असा तिचा बेत. आण्णांनी व्हिडिओ बघून फोन परत दिला. "जेवायला एवढं लांब जायचं? आपली पंचगंगा काय आटलीया?"

त्यांनी ते सहज म्हटलं होतं. मी मात्र मनावर घेतलं.

रंकाळा तलाव आईनं एका वाक्यात निकालात काढला. तिथं भेळ खायची, जेवायचं नाही. मग शुक्रवार पेठेतल्या मित्रानं एका नाववाल्या मामांशी गाठ घालून दिली. माणसं किती, पैसे किती, मामांनी काहीच विचारलं नाही. पहिला प्रश्न, "बरगे घातल्यावर, का आधी?"

इतकी वर्षं कोल्हापुरात राहून मला हे माहीत नव्हतं. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असतात आणि पाण्याला ओढ असते. पाऊस सरला की बरगे बसवतात, मग पाणी मागं तुंबतं आणि घाटापाशी तळ्यासारखं शांत होतं. पुढं उन्हाळ्याकडं जलपर्णी पसरते, तेव्हा नाव कुठं घालणार? म्हणजे हातात राहिला हिवाळा. आण्णांचा वाढदिवस सप्टेंबरातला. तो बरग्यांपायी डिसेंबरात गेला.

मामांच्या अटी मोजक्या होत्या. सहाच्या वर माणूस नाही, कुणी उभं राहायचं नाही, बंधाऱ्याकडं जायचं नाही, शेगडी नाही आणि दिवस मावळायला घाटावर परत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. थोडक्यात, आमचं रात्रीचं जेवण संध्याकाळी साडेपाचला! लाइफ जॅकेटची अट मी घातली. मामा हसले, पण नाही म्हणाले नाहीत. पुरात बचावकार्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या पोराकडनं सहा जॅकेटं आणली.

खरी भांडणं जेवणावरनं झाली. पंचाहत्तरी आणि मटण नाही, हे आमच्या घरात कुणाला पटेना. आईचं म्हणणं, घाटावर एवढी देवळं, नदीत मटण न्यायचं नाही. मामाही तिच्याच बाजूचे. तसंही हलत्या नावेत तांबडा-पांढरा वाढणार कसा, हा माझा प्रश्न होताच. शेवटी झुणका, भाकरी, खर्डा, दही आणि कांदा, ज्याचा त्याचा वेगळा डबा. मटण रात्री घरी.

घाटावर गेल्यावर आण्णा जॅकेट हातात धरून उभेच राहिले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ते याआधी नावेत बसले होते ते एकदाच, ऑगस्ट २०१९ ला. आमची शाहूपुरीची कुंभार गल्ली. राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी ५५ फुटांच्या वर गेली होती आणि आण्णांना बचावपथकाच्या बोटीतनं बाहेर काढलं होतं, मांडीवर घराच्या कागदांची पिशवी. तेव्हाही असलंच नारिंगी जॅकेट. एवढी तयारी करताना हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

"नको असंल तर इथंच पायरीवर बसू," मी म्हटलं.

"डबं भरल्यात न्हवं?" म्हणत ते मामांचा हात धरून नावेत उतरले.

पहिली पाच मिनिटं कुणी बोललं नाही. पाण्याला मधूनच सांडपाण्याचा वास येत होता, ते लपवून काय करू. पण पाण्यात उभी असलेली लहान देवळं, पोहणाऱ्या पोरांचा कालवा, शिवाजी पुलाच्या दगडी कमानी, हे सगळं पाण्यावरनं बघताना गाव आपलं वाटत नव्हतं. आई नातवाला पंचगंगेच्या पाच नद्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती असं बोटांवर मोजून दाखवत होती. "आणि सरस्वती गुप्त," म्हणत तिनं अंगठा मुठीत लपवला.

आण्णांनी भाकरी मोडली आणि मामांना विचारलं, "धोका पातळी त्रेचाळीस फूट म्हणत्यात. ती इथनं कुठवर ओ?"

मामांनी वल्हं पाण्यातनं काढून उभं धरलं. हात लांबवून आणखी वर केलं. मग खाली घेतलं. "एवढं लांब वल्हं न्हाई माझ्याकडं."

आण्णा वल्ह्याच्या टोकाच्याही वर, घाटाकडं जरा वेळ बघत राहिले. मग डबा माझ्यापुढं केला. "खर्डा हाय का अजून?"