पैसे आधी हातात पडायला हवेत

वनस्पतिशास्त्राच्या परिषदेला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रवास अनुदानाचे अर्ज आमची छोटी समिती तपासते. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात पोचलेली, ज्यांच्या समाजातले संशोधक या क्षेत्रात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, अशा मुलांसाठी हे अनुदान असतं. १९२४ साली स्थापन झालेली ‘अमेरिकन सोसायटी ऑफ प्लांट बायोलॉजिस्ट्स’ही विद्यार्थ्यांना प्रवासासाठी मदत देते, आणि अशी मदत जितकी वाढेल तितकी मला हवीच आहे.

आमच्याकडची पद्धत मात्र मला मुळीच पटत नव्हती. तिकीट, राहणं, नोंदणी शुल्क सगळं आधी स्वतः भरायचं, परतल्यावर पावत्या जोडायच्या, मग यथावकाश परतफेड. ज्याच्याकडे क्रेडिट कार्डच नाही त्यानं काय करायचं? गेल्या खेपेला एका मुलीनं निवड होऊनही नकार कळवला. पाण्याचा ताण पडला की ॲब्सिसिक आम्ल या वनस्पतीतल्या संप्रेरकाच्या इशाऱ्यानं पर्णरंध्रांच्या, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांच्या, कडेच्या रक्षकपेशी सैल पडतात आणि पर्णरंध्रं मिटतात, त्यावर तिचं काम. सूक्ष्मदर्शकाखालची तिची छायाचित्रं मी कितीतरी वेळ बघत बसले होते. ती परिषदेत आपल्या संशोधनाच्या पोस्टरपाशी उभी असती, तर याच विषयातलं कुणीतरी थांबून तिच्याशी बोललं असतं. पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या कामाची, दारं पुष्कळदा अशाच गप्पांतून उघडतात.

म्हणून यंदा मी दोन मागण्या लावून धरल्या: तिकीट संस्थेनंच काढावं, आणि व्हिसाला वेळ मिळेल इतक्या लवकर निकाल लावावा. पहिली मान्य झाली. दुसरीसाठी भांडण चालू आहे.