व्ही-८ सोडून एस-१० का घेतला? तुम्ही विचारलंत म्हणून

डेट्रॉइटच्या आसपासचा प्रत्येक गाडीवेडा मला विचारतो, "व्ही-८ मिळत होता, मग शेव्ही एस-१० का घेतलास?" व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, आणि एस-१० म्हणजे शेव्हरोलेचा छोटा पिकअप ट्रक, सहा सिलिंडरचा. मंडळाच्या गणपतीत भेटणारे तर मुळात ट्रकच का, इथून सुरुवात करतात. ट्रक मला आवडतो, एवढंच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र एकदा नीट देतो.

जीएमसीच्या सायक्लोन ट्रकचं नाव काढू नका. १९९१चा तो टर्बो व्ही-६, २८० अश्वशक्ती, चारही चाकांना जोर. एका अमेरिकी मासिकाने त्याला फेरारी ३४८ समोर उभं केलं आणि पाव मैलात ट्रक पुढे गेला. तीन हजारांच्याही आत बनले. असा ट्रक जपायचा असतो, कापून बदल करायचे नसतात. आणि तो माझ्या खिशाला परवडणाराही नाही.

मला हवा होता डॉज डकोटा आर/टी हा पिकअप. १९९८ ते २००३ मधला, ५.९ लिटरचा व्ही-८, २५० अश्वशक्ती. शिकायला इथे आलो तेव्हापासून तो डोक्यात होता. शेवटी लाल रंगाचा एक जवळच विकायला निघाला. हौद्यात ओरखडा नाही. या इंजिनात हवा आत नेणाऱ्या इनटेकखालचं गॅस्केट (सील) हमखास जातं आणि तेल आत ओढलं जातं. मालकाने तेही बदललेलं, पावतीसकट. इंजिन सुरू केलं आणि त्या आवाजाने मी मनातल्या मनात पैसे मोजून टाकले.

मग पुठ्ठा टाकून खाली सरकलो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पुढच्या टोकाशी फ्रेमवर काळा जाड थर फासलेला. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला, जोर लावलासुद्धा नाही, तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तर गंजाचे पापुद्रे तोंडावर पडले. दुसऱ्या बाजूलाही तेच. मिशिगनमध्ये हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडतं. चिखलाबरोबर ते फ्रेमच्या पोकळीत साठतं आणि लोखंड आतून खातं. मालक वाकून बघत होता. त्यालाही ठाऊक नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. न मागताच त्याने किंमत निम्मी केली. मी बराच वेळ तसाच खाली पडून राहिलो.

"पट्टी मारून वेल्डिंग केलं असतंस," असं तुम्ही म्हणता. मला वेल्डिंग येतं. पण मागच्या चाकांचा सगळा रेटा पाट्याच्या त्याच टोकातून फ्रेममध्ये जातो. पट्टी शेवटी कशाला तरी चिकटावी लागते, आणि तिथे चिकटण्याजोगं लोखंडच उरलं नव्हतं. माझी मुलगी शेजारच्या सीटवर बसणार होती.

म्हणून कोरड्या ॲरिझोनातून २००१चा एस-१० एक्स्ट्रीम आणला. रंग उन्हाने विटलेला, डॅशबोर्ड तडकलेला, पण खाली फ्रेमवर गंजाचं नाव नाही. त्याचा ४.३ लिटरचा व्ही-६ म्हणजे शेव्हीच्या जुन्या ३५० (घन इंची) व्ही-८मधून दोन सिलिंडर वजा केलेलं इंजिन, त्यामुळे व्ही-८ला आत जागा आहे. शेव्हीच्याच मोठ्या सिल्व्हरॅडो ट्रकचं ५.३ लिटरचं व्ही-८ भंगारात सहज मिळतं, ते बसवायचे माउंट तयार मिळतात. शिवाय माझ्या ट्रकला पाच गिअरचा मॅन्युअल आहे. आर/टी फक्त ऑटोमॅटिकमध्ये यायचा.

ही कारणं खरी आहेत, पण मॅन्युअलचं कारण मला नंतर सुचलं. शिकायला आलेला तो मुलगा, म्हणजे तेव्हाचा मी, आज माझ्या जागी असता तर त्याने लाल ट्रक निम्म्या किमतीत उचलला असता आणि दुसरी फ्रेम शोधत हिंडला असता. तो मला घाबरट म्हणेल. त्याला मुलगी नव्हती, हे खरं. पण दुसरी फ्रेम टाकता आली असती, हेही खरंच आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

५.३ अजून घेतलेलं नाही. ते बसवलं तर मागच्या चाकांना ताकद वाटून देणारं छोटं डिफरन्शियल टिकणार नाही, तेही बदलावं लागेल. आणि दक्षिणेतल्या कोरड्या राज्यात एखादा आर/टी विकायला दिसला, तर मला अजूनही कळवा.