सोलापूर ते कल्लक्कुडी: चुनखडकातले प्रवाळ

सोलापुरात पायाखाली काळा पाषाण, घरात शहाबादी फरशी. फरशी चुनखडकाचीच, पण तिच्यात प्रवाळ शोधू नका. तो खडक प्रवाळ जन्मण्याआधीचा. प्रवाळासाठी तिरुचिरापल्ली जिल्ह्यातलं कल्लक्कुडी, म्हणजे जुनं दालमियापुरम, गाठलं. इथला प्रवाळयुक्त चुनखडक क्रिटेशस काळातला, 10 कोटी वर्षांहून जुना. दक्षिण भारतातल्या या काळाच्या प्रवाळांवर जीवाश्मतज्ज्ञ फर्डिनांड स्टोलिच्का यांनी 1873 मध्येच लिहून ठेवलंय.

चेन्नई एग्मोरहून विळुपुरम-अरियलूर मार्गाची गाडी घ्या. तंजावरमार्गे जाणारी अरियलूरला येत नाही. कल्लक्कुडीच्या चुनखडकाच्या खाणीत उतरण्याची लेखी परवानगी निघण्याआधीच हातात हवी. आधी अरियलूरजवळचं वारणवासीचं जीवाश्म संग्रहालय बघा, म्हणजे डोळा बसतो.

ताज्या फुटीपेक्षा पावसाने झिजलेला पृष्ठभाग जास्त बोलतो. पाणी फवारा: गोल ठिपक्यात केंद्राकडे जाणाऱ्या बारीक रेघा दिसल्या तर प्रवाळ, गुळगुळीत, चिनीमातीसारखा पांढरा डाग बहुधा शैवालाचा. रेघा पुसट असतील तर नवल नाही. या प्रवाळांचा सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, या खनिजाचं कॅल्साइट हे दुसरं खनिज होताना बारकावे जातात.

खडकात प्रवाळ किती हे मोजायला 1 मीटरची चौकट, आत दर 10 सेंमीला आडवी-उभी दोरी. छेदबिंदू 81 होतात, 100 नव्हे. इथे हमखास चूक होते. 18 बिंदूंखाली प्रवाळ आलं तर ते 22 टक्के. नमुना काढण्याआधी त्यावर वरच्या दिशेचा बाण काढा, नाहीतर प्रवाळ जागेवर वाढलं होतं की तुटून, वाहून आलं होतं, हे नंतर कळत नाही. पायथ्याला पडलेले दगड या मोजणीत धरू नका. नमुने जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळावेत, कडा शाबूत राहतात.

अ‍ॅसिड, अ‍ॅसिटोन रेल्वेत नेऊ नका. दगडातली बारीक रचना पारदर्शक कागदावर उतरवतात, तो ठसा घरी येऊन घ्या. कापलेला दगड 220, 400, 600, 1000 नंबरच्या घासायच्या पावडरीने क्रमाने घासा आणि दर वेळी नीट धुवा. 220चा एक कण राहिला तरी शेवटच्या पॉलिशवर ओरखडा उमटतो. दुकानातलं 35 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक 1 भाग, पाणी 6 भाग. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, उलट नाही. हातमोजे, चष्मा हवाच. दगड त्यात 15 सेकंद बुडवा, धुवा, वाळवा. त्या पृष्ठाला बोट लावू नका, कोरलेलं नक्षीकाम चुरगळतं. मग अ‍ॅसिटोन ओतून अ‍ॅसिटेट कागद (पातळ पारदर्शक प्लास्टिक) एका कडेने हळूहळू टेकवा आणि 20 मिनिटांनी सोलून काढा.

पारदर्शक म्हणून मिळणारे बरेच कागद पॉलिस्टरचे असतात. ते चिकटतच नाहीत. कोपऱ्यावर अ‍ॅसिटोनचा थेंब टाकून पाहा, चिकट झाला तरच घ्या. आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये हे काम पहाटेच उरका: दुपारी कागद टेकवेपर्यंत अ‍ॅसिटोन उडून जातं आणि ठशात बुडबुडे राहतात.