एकाच नावाची दोन फंक्शन्स आणि लिनक्सचा लोडर
मराठवाड्यात पिंपळगावं कितीतरी. एसटीत नुसतं ‘पिंपळगाव’ म्हटलं की कंडक्टर ‘कुठलं?’ विचारतो. लिनक्सचा डायनॅमिक लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लायब्रऱ्या जोडून देणारा, विचारत नाही.

दोन ऑब्जेक्ट फाइलींत (कंपाइल झालेल्या तुकड्यांत) एकाच नावाचं ग्लोबल फंक्शन असलं तर ते तुकडे जोडणारा लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून अडवतो. दोन शेअर्ड लायब्रऱ्यांत (प्रोग्रॅम चालताना जोडल्या जाणाऱ्या) असलं तर गप्प बसतो. लोडर आधी मुख्य प्रोग्रॅम, मग एलडी_प्रीलोड (LD_PRELOAD) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दिलेल्या लायब्रऱ्या, मग लिंक केलेल्या क्रमाने बाकीच्या बघतो. पहिलं सापडेल तेच सगळ्यांना. दुसऱ्या लायब्ररीने स्वतःचंच ‘पार्स’ नावाचं फंक्शन बोलावलं तरी ते पहिलीत जातं, आणि दोन्हींचं डेटा स्ट्रक्चर वेगळं असलं की क्रॅश. वीक-स्ट्राँग भेद (स्ट्राँग नाव असलं की वीक मागे पडतं, हा लिंकरचा नियम) इथे सहसा चालत नाही, हे फार जण विसरतात.

एलडी_डीबग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘बाइंडिंग्ज’ द्या (LD_DEBUG=bindings), कोण कुठे जोडलं ते दिसेल. खरा उपाय लायब्ररी कंपाइल करतानाच: ‘-एफव्हिजिबिलिटी=हिडन’ (-fvisibility=hidden) हा पर्याय, म्हणजे नावं बाहेर दिसत नाहीत, आणि बाहेर लागतील तेवढीच नावं उघडी.