पळणाऱ्याचे हात का थांबले

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बॉक्सिंगचे आणि तालमीचे पोट्टे एकाच पत्र्याच्या शेडमध्ये सराव करतात. परवा दोघांना मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे ठोसे आणि कुस्ती दोन्ही चालतात त्या खेळाच्या पद्धतीने सोडलं: पाच मिनिटांची फेरी, ठोसे हलके, पकड पूर्ण ताकदीची. एक जिल्हा पातळीवरचा बॉक्सर, पोलीस भरतीसाठी 1600 मीटर नेमाने पळणारा. दुसरा पहिलवान, पळायचं म्हटलं की पोट दुखणारा. दमाच्या बाबतीत सगळ्यांचा भरवसा बॉक्सरवर होता.

पहिलं मिनिट त्याचंच होतं. मग पहिलवानाने पट काढला, म्हणजे खाली वाकून त्याचा पाय धरला. बॉक्सर अंग तिरकं करून, पुढच्या पायावर भार देऊन उभा राहतो. ठोशाला ते बरं, पण तो पाय समोरच्याच्या हाताशी आयता असतो. पुढची झटापट भिंतीला टेकून झाली आणि तिसऱ्या मिनिटाला, "सर, हात उचलतच नाही ना जी!"

नाडी पाहिली तर मिनिटभरात चांगली खाली आली. हृदय ठीकच होतं, मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू मात्र कडक झाले होते. ठोशात स्नायू क्षणभर आवळतो आणि सुटतो, त्यामुळे रक्त फिरत राहतं. पकडीत तो आवळलेलाच राहतो, आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू पोचत नाही. शिवाय ठोशागणिक श्वास सोडायची सवय असलेला हा गडी अंगावर वजन येताच श्वास कोंडून बसला. किलोमीटर वाढवून यातलं काहीच सुटत नाही.

त्याचं पळणं आठवड्यातून दोनदा ठेवलं. फेरी मात्र बदलली: एक मिनिट बॅगवर ठोसे, एक मिनिट स्प्रॉल, म्हणजे पाय मागे फेकून कंबर खाली दाबायची आणि लगेच उठायचं, एक मिनिट भिंतीशी ढकलाढकली, एक मिनिट खाली पडून जोडीदाराच्या वजनाखालून सुटका, शेवटचं मिनिट पुन्हा बॅग. मग एक मिनिट विश्रांती. सुरुवातीला अशा दोनच फेऱ्या, कारण थकलेला पोट्टा स्प्रॉलमध्ये कंबर न दाबता नुसते गुडघे टेकतो आणि तीच सवय लागते. पकडीसाठी आडव्या दांड्यावर टॉवेल टाकून 20 सेकंद लटकणं, चार-पाच वेळा. हे सरावाच्या शेवटी. आधी केलं तर पुढे मूठ नीट वळत नाही आणि बॅगवर मनगट मुरगळतं.

पहिलवानाची गत उलटी. हौशी बॉक्सिंगच्या तीन मिनिटांच्या फेरीत तो दीड मिनिटातच धापा टाकतो. मूठ सतत आवळलेली, खांदे कानाला लागलेले. त्याला जोर-बैठका आणखी देऊन काय उपयोग? दोरीवरच्या उड्या आणि सैल हाताने शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत ठोसे, तीन-तीन मिनिटं. मूठ फक्त लागण्याच्या क्षणी घट्ट, एरवी सैल, पण हात गालाशीच. ठोसा हाताने मारायचा नसून मागची टाच वळवून, कंबरेतून आणायचा, हे कळायलाच त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

दोन्ही करणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: जड स्पॅरिंग, म्हणजे जोडीदारासोबत ठोशांची सरावाची लढत, आणि जड कुस्ती एका दिवशी नको. तंत्र आधी, दम नंतर. सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा 8-10 ठोक्यांनी जास्त असेल तर त्या दिवशी फक्त शॅडो.

आणि मे महिन्यात वजन उतरवायला प्लास्टिकचा सूट घालून पळणं साफ बंद. इथे पारा 44-45 पर्यंत जातो. घाम सुकू दिला नाही तर अंग थंड व्हायला वाटच उरत नाही, उष्माघात होतो. सराव पहाटे संपवायचा, आधी आणि नंतर काट्यावर उभं राहायचं. एक किलो कमी भरलं तर पुढच्या काही तासांत सुमारे दीड लिटर पाणी, घोटाघोटाने, थोडं मीठ-साखर घालून.