तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं विसरत नाहीत का तुला?

महिन्यातले दहा-बारा दिवस कामासाठी बाहेर असते, त्यामुळे हा प्रश्न ठरलेला. (आमच्याच टीममधल्या, माझ्याइतकंच फिरणाऱ्या पुरुषांना कुणी विचारत नाही, असो.)

विसरत नाहीत. पण पहिली दोन वर्षं मी सगळं चुकीचंच करत होते. रोज रात्री व्हिडिओ कॉल आणि त्यात माझी उलटतपासणी, जेवलास का, होमवर्क झाला का, शाळेत काय झालं, आणि पलीकडून हो, हो, काही नाही. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला फोनवर बोलायला मुळात आवडतच नाही हे कळायला मला फार वेळ लागला. आता तो फोन कशाला तरी टेकवून ठेवतो नि चित्र काढत बसतो, मी इकडे हॉटेलच्या खोलीत उद्याच्या कपड्यांना इस्त्री करते, दहा दहा मिनिटं कुणी काही बोलत नाही, आणि मग मधेच मान वर न करता तो सांगतो की आज मित्राशी कट्टी झाली. विचारून हे जन्मात सांगितलं नसतं त्याने.

धाकटी चार वर्षांची, तिची तक्रार वेगळीच. "आई, तू खाली का बघतेस?" कॅमेरा वर असतो आणि आपण बघतो स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे, म्हणून पलीकडच्याला आपली नजर पडलेली दिसते. त्यामुळे बाय म्हणताना मी त्या काळ्या ठिपक्याकडेच बघते, मला ती दिसत नाही, पण तिला वाटतं आई माझ्याकडे बघतेय.

ती तान्ही असताना कॉल करू की नको हाच प्रश्न होता, कारण स्क्रीन नको म्हणतात ना. पण अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन टाळा म्हणतानाही व्हिडिओ कॉल त्यातून वगळलाय. पटलं मला, कार्टून काही बाळ हसलं म्हणून हसत नाही.

'मंगळवारी येते' तिला कळत नाही, 'चार वेळा झोपलीस की येते' कळतं. आणि वेळ पाळता येणार नसेल तर मी सांगतच नाही. एकदा आठला करते म्हणाले, मीटिंग लांबली, सव्वानऊला केला तर नवऱ्याने उचलला, ती फोन कुशीत घेऊन झोपली होती म्हणे. तेव्हापासून कॉल सकाळी, ती ब्रश करत असताना, तेव्हा माझी मीटिंग कुणी लावत नाही.

खरं अवघड असतं ते परत येणं. पहिली संध्याकाळ ती माझ्याकडे फिरकत नाही, पाणीसुद्धा बाबाकडेच मागते. आधी मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. आता बॅग तशीच ठेवून तिच्या शेजारी जमिनीवर बसते, ती ब्लॉक्स रचत असते, माझ्याकडे बघतही नाही, आणि अर्ध्याएक तासाने माझ्यापुढे एक ब्लॉक येतो, "हा धर."