तुम्ही विचारलंत म्हणून: सिगारचं पान का फुटतं?

दुबईहून किंवा अमेरिकेहून येताना कुणीतरी सिगारची पेटी आणतं, ती कपाटात जपून ठेवली जाते, आणि महिन्या-दीड महिन्यात वरचं पान फुटतं. मग मला फोन येतो: ‘इतकं सांभाळूनही फुटला कसा? पाण्याचा हबका मारू का?’ कॅमेरून रॅपरचे, म्हणजे वरचं पान आफ्रिकेतल्या कॅमेरूनकडचं असलेले, सिगार असतील तर हा फोन ठरलेलाच. तुम्ही अनेकांनी विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

हबका मुळीच मारू नका. सिगार कोरड्या हवेने फुटतो हे खरं, पण तितकाच तो घाईघाईने दिलेल्या ओलीने फुटतो.

आत घडी घातलेली फिलरची पानं, त्यांना बांधून धरणारा बाइंडर आणि सर्वांत वर रॅपर, अशी सिगारची बांधणी. रॅपर म्हणजे मधली जाड शीर काढून उरलेलं अर्धं पान, तिरपं गुंडाळत नेलेलं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट खोऱ्यात शेतावर कापडाचं छत घालून हे पान सावलीत वाढवतात, म्हणून ते पातळ आणि गुळगुळीत होतं. कॅमेरून आणि शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या पानावर बोट फिरवलं की बारीक दाणे लागतात. चवीला मला तेच सर्वांत आवडतं, आणि सर्वांत नाजूकही तेच.

फिलरला ओल मिळाली की तो फुगतो, पावसाळ्यात दार फुगून चौकटीत बसेनासं होतं तसा. वरचं पान तेवढं ताणलं जात नाही, मग ते उलतं. फुटलेला सिगार उजेडात धरून बघा. चीर बहुधा पेटवायच्या टोकापासून निघून वर चढलेली दिसेल, कारण ते टोक उघडं असतं आणि ओल तिथूनच थेट आत शिरते. तोंडाकडच्या टोकाला पानाचीच टोपी चिकटवलेली असते. कोरड्या हवेत नेमकं उलटं होतं: आतला भाग अजून भरलेलाच असतो आणि वरचं पान आधी सुकून आवळायला लागतं.

पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर उतरते आणि जुलैत ९० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून पहिलं काम सिगार या हवेपासून तोडायचं. त्यासाठी महागडा ह्युमिडॉर, म्हणजे ओल राखणारी सिगारची पेटी, लागत नाही. घट्ट झाकणाचा, कसलाही वास नसलेला प्लास्टिकचा डबा पुरतो. लाकडी पेटी हवीच असेल तर ती आधी आठ-पंधरा दिवस ओलीला सरावून घ्यावी लागते, नाहीतर कोरडं लाकूड सिगारमधलीच ओल ओढतं. आणि ती देवदाराची करून घेऊ नका. त्याचा उग्र वास तंबाखूत उतरतो. ह्युमिडॉरला वापरतात तो स्पॅनिश सीडर आपल्या कडुलिंबाच्या कुळातला, देवदाराशी त्याचं नातं नाही.

डब्यात बोव्हेडासारखी दुहेरी काम करणारी पाकिटं ठेवा. हवा कोरडी झाली की ती ओल सोडतात, जास्त झाली की शोषून घेतात. ७० टक्के आर्द्रता आणि २१ अंश तापमान हा जुना नियम सर्वत्र छापलेला असतो. नाजूक रॅपरसाठी मी ६५ टक्क्यांचंच पाकीट सांगेन. आपल्या उकाड्यात ७०ला बुरशीचीही भीती असते. डब्यातली आर्द्रता दाखवणारा हायग्रोमीटर मात्र तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात ते जेमतेम भिजेल एवढंच पाणी, आणि दोन्ही वस्तू हवाबंद पिशवीत दिवसभर. काटा ७५वर यायला हवा. जितका चुकेल तितकी बेरीज-वजाबाकी लक्षात ठेवायची.

सिगारवरचं सेलोफेन काढू नका. त्यातून वाफ जाते-येते, पण सावकाश, आणि नाजूक पानाला तोच सावकाशपणा हवा असतो. वाळून कडक झालेला सिगार आधी दोन-तीन आठवडे ६२च्या पाकिटासोबत ठेवा, मग ६५ला आणा. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथली हवा कोरडी असते. मसाल्यांजवळ किंवा डांबराच्या गोळ्या असलेल्या कपाटातही नको. घराच्या आतल्या भिंतीलगतचा खालचा कप्पा सर्वांत बरा.

पानावर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली तर तो ओलीचा दोष नव्हे, तंबाखूतल्या किड्याचा. साधारण २५ अंशांच्या वर त्याची अंडी उबतात, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने धोका. असे सिगार हवाबंद पिशवीत एक दिवस फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि मगच बाहेर काढा. फ्रिजच्या पायऱ्या गाळल्यात तर किडा मरेल, पण पान तडकेल.

आणि फुटलेला सिगार टाकून देऊ नका. खायचा डिंक थोड्या पाण्यात विरघळवून बोटाच्या टोकाने चिरेखाली अगदी पुसट लावा, पान हलकेच दाबून बसवा आणि एक दिवस डब्यात ठेवा. चीर पेटवायच्या टोकाशी इंचभरच असेल तर तेही नको. सरळ पेटवा, तेवढा भाग सुरुवातीलाच जळून जातो.